एकोणीस नॅनोमीटरचा कण

हेडविग लुंडमार्कचा प्रबंध शुक्रवारी भिंतीवर ठोकला गेला आणि सोमवारी तिला कळलं की तो चुकीचा आहे. मधले दोन दिवस तिनं ढाराढूर झोपण्यात घालवले. तेवढंच सुख पदरात पडलं.

ठोकला म्हणजे खरोखरच ठोकला. कोपऱ्याला भोक पाडून, खिळा लावून, विभागाच्या फळ्यावर, चारचौघांसमोर, हातोडीनं. तिथून तीन आठवडे तो कुणीही वाचावा आणि मग जाहीर सभेत त्यावर वाद व्हावा, अशी इथल्या विद्यापीठांतली रीत. एकदा खिळा बसला की छापलेलं अक्षर हलत नाही. फार तर शुद्धिपत्राची चिठ्ठी आत सरकवता येते, आणि अशा चिठ्ठीत सहसा स्वल्पविराम दुरुस्त करतात.

विषय सांगायला सोपा आणि करायला जीवघेणा. दोन पाट्या घ्यायच्या, एक तापलेली, एक गार, आणि मध्ये हवासुद्धा नाही. त्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतक्या जवळ आणल्या की उष्णता सगळ्या जुन्या मर्यादा धाब्यावर बसवून इकडून तिकडे पळते. पृष्ठभागाला चिकटून असणाऱ्या, एरवी जागा न सोडणाऱ्या लहरी तेवढ्याशा फटीतून पलीकडे उतरतात. हेडविगच्या पाट्या थराथरांच्या होत्या, दोन पदार्थांचे चाळीस पातळ थर आलटून पालटून. त्यांच्यामधून किती उष्णता जाईल, ते आधीच हिशेबानं सांगणारा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. सहा वर्षं त्यातच गेली.

सोमवारी ती वादाच्या दिवशी दाखवायची चित्रं करत बसली होती. आई येणार, मामा येणार, त्यांनाही काहीतरी कळलं पाहिजे. म्हणून तिनं पावाचं उदाहरण घेतलं. एका पावाचे चाळीस काप केले आणि ते परत चिकटवून ठेवले, तर तो पावच. तसं एकाच पदार्थाचे चाळीस थर रचले तर उत्तर सलग ठोकळ्याइतकंच आलं पाहिजे. नुसती सरळ रेघ यायची, बघायला छान. तिनं प्रोग्रॅमला चाळीस सारखे थर दिले. उत्तर आलं ठोकळ्याच्या पावणेचार पट.

तिनं परत चालवला. परत पावणेचार पट. बारा थरांपर्यंत सगळं सरळ होतं, तेराव्यापासून रेघ वर उचलायला लागली.

दोष सापडायला अर्धा तास पुरला, कारण दोष तिचाच होता आणि तिला तो आठवत होता. दुसऱ्या वर्षी थर वाढवले की आतले आकडे असे फुगायचे की संगणक हात टेकायचा. तेव्हा तिनं एक ओळ घातली होती: आकडा अमुकच्या वर गेला तर तिथंच धरून ठेव. शेजारी लिहिलं होतं, 'तात्पुरतं'. त्या ओळीमुळे, जी उष्णता जातच नव्हती तीही मोजली जात होती. पाट्या जितक्या जवळ, तितकी जास्त. त्या वेळी तिनं तपासून पाहिलं होतं, नाही असं नाही. पण तीन थरांवर.

मंगळवारी ती स्टेलानकडे गेली. स्टेलान हेग हा तिचा मार्गदर्शक, साठीचा, उंच, पाठीत वाकलेला. त्यानं तिची रेघ पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बारापर्यंत बरोबर आहे ना?" तो म्हणाला.

"बारापर्यंत आहे."

"मग बारापर्यंतचं बोल. बाकीच्याला एक चिठ्ठी घाल. 'जास्त थरांचे निष्कर्ष सावधपणे घ्यावेत.' झालं."

"स्टेलान, पाचवं प्रकरण पूर्णच चाळीस थरांचं आहे. आपला पेपर चाळीस थरांचा आहे."

"आणि पेपरमध्ये मोजणी आहे. आल्गोतची. ती तुझ्या रेघेवर बसते. जगानं ते पाहिलंय. मोजणी काय हवेत होते?"

"तेच तर विचारायला आलेय. चुकीच्या रेघेवर ती बसली कशी?"

स्टेलान खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर सायकलींवर बर्फ साचला होता, बघण्यासारखं काही नव्हतं.

"कण होता ना," तो म्हणाला. "तुला माहितीये. कण होता."

कणाची हकीकत विभागात सगळ्यांना पाठ होती. आल्गोत स्टेनवाल तळघरात मोजण्या करायचा. दोन पाट्या हळूहळू जवळ आणायच्या आणि किती उष्णता जाते ते टिपायचं. अडचण एकच, इतक्या बारीक फटीत अंतर मोजायला पट्टी चालत नाही. पाट्या एकमेकींना टेकल्या की उष्णता एकदम उडी घेते, ते शून्य धरायचं आणि तिथून मागे मोजत यायचं. हे शून्य जरा इकडेतिकडे असू शकतं, असं सगळ्या जगातले मोजणारे मान्य करतात. म्हणून मोजणीची रेघ थोडी सरकवून हिशेबाच्या रेघेवर बसवायची पद्धत आहे. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. हिशेब बरोबर असेल तर वावगं काही नसतंही.

आल्गोतची मोजणी हेडविगच्या रेघेच्या बरीच खाली आली होती. दूर ठीक, जवळ गेलं की खाली. तो म्हणाला, माझं शून्य पक्कं आहे. स्टेलान म्हणाला, मध्ये धुळीचा कण असेल, तू पाटीला नाही, कणाला टेकलास. दोघांचं वर्षभर वाजत राहिलं. शेवटी पेपर निघाला तो एकोणीस नॅनोमीटर सरकवून, आणि त्यात एक वाक्य होतं: 'पाट्या सुट्या करून तपासल्यावर कडेजवळ सुमारे एकोणीस नॅनोमीटर उंचीचा कण आढळला.' पेपर गाजला. पुढच्या जूनमध्ये आल्गोतचा करार वाढवला गेला नाही. ज्याच्या पाट्यांत धूळ जाते, असा मोजणारा कुणाला हवा असतो? पन्नाशीचा माणूस चुपचाप गावी, लिक्सेलेला, परत गेला. विभागानं त्याला फुलदाणी दिली.

हेडविगनं दोन दिवस खपून प्रोग्रॅम नीट केला. मग जुन्या मेलमधून आल्गोतचे न सरकवलेले आकडे काढले आणि नव्या रेघेवर टाकले. एकेक ठिपका रेघेवर बसला. तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिनं संगणक बंद केला.

शुक्रवारी तिनं गाडी काढली. दोन तासांचा रस्ता, दोन्हीकडे झाडं, अकरा वाजताही उजेड अर्धवट. आल्गोतला जाऊन सांगायचं, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं, मला माफ कर. वाक्य तयार होतं. अर्ध्या वाटेवर तिच्या डोक्यात दुसरंच काही आलं आणि तिनं पाय आपोआप कमी दाबला. आकडे सरकवल्याशिवाय बसत असतील, तर कण आढळला कुठून?

आल्गोतनं दार उघडलं. पिठाचे हात, अंगावर शाळेचं नाव असलेला स्वेटर.

"बूट काढ आधी. डॉक्टर व्हायला निघालीस म्हणून बूट घालून घरात येतात होय?"

"अजून झाले नाही."

"माझ्याकडे आलीस म्हणजे एक तर कुणी मेलं, नाहीतर तुझं काहीतरी गळ्याशी आलंय. बस. पाल्ट उकळतायत. दुपारून मला तास आहे, नववीचा. त्यांना उष्णता शिकवतो. हसू नकोस."

बटाट्याचे ते गोळे त्यानं ताटात घातले, वर लोणी, बाजूला लिंगनच्या रानबोरांचा मुरांबा. ती खात नाही हे पाहून त्यानंही काटा खाली ठेवला. मग तिनं सांगितलं. पाव, चाळीस काप, ती ओळ, सगळं. कागद काढून त्याच्यासमोर ठेवला.

आल्गोतनं कागद जवळ ओढला. एकेका ठिपक्यावर बोट ठेवत तो डावीकडून उजवीकडे गेला, आणि शेवटच्या ठिपक्यावर त्याचं बोट थांबलं.

"हे न सरकवलेले?"

"न सरकवलेले."

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही. तुझं शून्य पक्कं होतं, आल्गोत."

त्यानं कागद उलटा करून टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा उजळेल असं हेडविगला वाटलं होतं. तो एकदम म्हातारा दिसायला लागला.

"हे मला तीन वर्षांपूर्वी हवं होतं," तो म्हणाला. "आता कशाला आणलंस?"

"माझी चूक आहे म्हणून. मी सभेत सगळं सांगणार आहे. तुझं नाव घेऊन सांगणार आहे." ती थांबली. "फक्त एक कळत नाही. कण..."

"कण नव्हता."

त्यानं ते इतक्या साधेपणानं सांगितलं की तिला क्षणभर कळलंच नाही.

"मी तीन वेळा बघितलं," आल्गोत म्हणाला. "काच कशी असावी, तशा होत्या पाट्या. स्टेलान म्हणाला, जा, परत बघ, कण असणारच. चौथ्यांदा म्हणाला, आणि त्याच दमात म्हणाला की जूनमध्ये कराराची बैठक आहे. मग मी गेलो, अर्धा तास खाली बसून कॉफी प्यायलो, वर आलो आणि म्हटलं, आहे."

"आणि एकोणीस?"

"एकोणीस सरकवलं की बसत होतं. म्हणून कण एकोणीसचा." तो हसला, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. "तुला गंमत सांगू? दोन वर्षांनी मला तो दिसायला लागला. झोपताना डोळे मिटले की कडेला, डावीकडे. मी स्वतःला पटवलं होतं की असणार, मलाच दिसला नसणार. मी चुकलो, म्हणून सगळं गेलं. त्यात एक बरं असतं. माणूस शांत होतो."

"पण आता तू चुकला नव्हतास हे..."

"हेडविग, नीट ऐक." तो पुढे वाकला. "तुझी ती चूक आहे. तू उठून सांगशील, लोक म्हणतील, पोरगी प्रामाणिक आहे. सहा महिने उशीर होईल, डॉक्टर होशील. माझं काय म्हणतील? ह्यानं नसलेला कण बघितला. त्याला चूक म्हणत नाहीत. त्याला चौकशी लागते, आणि निकाल नावासकट छापून येतो. आज मी ज्याच्या हातून धूळ गेली तो माणूस आहे. चालतं मला. अशा माणसाला शाळेत ठेवतात. खोटं लिहिणाऱ्याला मुलांपुढे उभं करत नाहीत."

"स्टेलाननं करायला लावलं, ते मी सांगेन."

"काय सांगशील? तो म्हणाला, परत बघ. शास्त्रज्ञानं दुसरं काय म्हणायचं असतं?"



"मग मी काय करू, आल्गोत?"

"चिठ्ठी घाल. तो सांगतोय ना चिठ्ठी घालायला."

"म्यूनस्टरच्या विद्यापीठात एक मुलगा दोन वर्षं आमच्या आकड्यांच्या मागे लागलाय. त्याला ते येत नाहीत. त्याला वाटतंय, त्याच्या हातात दोष आहे."

आल्गोतनं इकडच्या लोकांच्या सवयीनं श्वास आत ओढून हो म्हटलं. तेवढंच. मग उठून ताटं नळाखाली धरली. निघताना त्यानं तिचा कोट धरला, बाही सापडेना तेव्हा सापडवून दिली.

"तुला सभेत सांगू नकोस म्हणता येत नाही, सांगच म्हणता येत नाही," तो दारातून म्हणाला. "सांभाळून जा. रानातले एल्क रस्त्यावर येतात."

पुढचे दोन आठवडे हेडविगनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. चूक लपवायची नाही, एवढं तिनं ठरवलं. पण चूक सांगितली की कणाचा प्रश्न येणारच, तो शाळकरी मुलालाही सुचेल. त्या वेळी 'मला माहीत नाही' म्हणायचं, असं तिनं मनाशी घोकलं. ते भेकडपणाचं होतं आणि तिला ते कळत होतं. तरी त्यात कुणी मरत नव्हतं.

वादाच्या दिवशी सभागृह तीन चतुर्थांश भरलं होतं. आई मागच्या खोलीत सँडविचचा केक झाकून ठेवून आली होती आणि दुसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. स्टेलान पहिल्या रांगेत. प्रश्न विचारायला कोपनहेगनहून इंगेलिसे होल्म आली होती, ठेंगणी, पांढऱ्या केसांची, ह्या विषयातली सगळ्यांत कडक बाई म्हणून नावाजलेली. परीक्षक मंडळाचे तिघं उजवीकडे. हेडविग उभी राहिली आणि तिला मागच्या भिंतीशी, दाराजवळ, आल्गोत दिसला. कोट घातलेला, टोपी हातात. दोन तास बर्फातून गाडी चालवून तो का आला होता, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. पाचवं प्रकरण चुकीचं आहे. पावाचं चित्र दाखवलं, पावणेचार पट दाखवली, ती ओळ दाखवली, 'तात्पुरतं' हा शब्दही दाखवला. कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मग नवी रेघ दाखवली. स्टेलान हलला नाही.

इंगेलिसेनं तिला पूर्ण बोलू दिलं.

"हे उठून सांगायला छाती लागते," ती म्हणाली. "मी तुझ्या जागी असते तर आज आजारी पडले असते." लोक हसले. हेडविगला वाटलं, सुटले. "आता मला हे सांग. नव्या रेघेवर मोजणीचे आकडे सरकवल्याशिवाय बसतात. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे मोजणी पहिल्यापासून ठीक होती."

"हो. आल्गोत स्टेनवालची मोजणी पहिल्यापासून अचूक होती." हे तिनं जरा मोठ्यानंच म्हटलं.

"छान. मग हा कण कसला?" इंगेलिसेनं पेपर पुढ्यात घेतला आणि ते वाक्य वाचून दाखवलं. "आढळला, असं लिहिलंय. असेल, असं नाही. कण खरंच असता, तर न सरकवलेले आकडे आज बसले नसते. कुणाला आढळला?"

"मला माहीत नाही," हेडविग म्हणाली. घोकलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि फारच हलकं वाटलं.

"तुला माहीत नाही. ठीक आहे." इंगेलिसेनं पान उलटलं. तिच्या आवाजात राग नव्हता, ती नुसती आपलं काम करत होती. "तपासणी स्टेनवालनं केली असणार. तो इथं आहे का? असला तर त्यालाच विचारू या."

दोन-तीन माना मागे वळायला लागल्या.

"ते वाक्य मी लिहिलं," हेडविग म्हणाली.

तिनं हे ठरवलेलं नव्हतं. पण बोलून गेल्यावर पुढचं सगळं आपोआप आलं. "पहिला मसुदा माझा होता. आकडे माझ्या रेघेवर बसत नव्हते. मी सरकवले, आणि सरकवायला कारण हवं म्हणून कण लिहिला. आल्गोतला न दाखवता पेपर पाठवला. छापून आल्यावर त्यानं हरकत घेतली, पण तोवर उशीर झाला होता."

 दुसऱ्या रांगेत आईनं पर्सचा पट्टा घट्ट धरला. तिला विषयातलं काही कळत नव्हतं, पण हे कळलं.

"तू काय म्हणते आहेस ते तुला कळतंय ना?" इंगेलिसे हळू म्हणाली.

"कळतंय."

"मार्गदर्शकाला ठाऊक होतं?"

हेडविगनं पहिल्या रांगेत पाहिलं. स्टेलान चष्मा पुसत होता. त्याचं नाव घेतलं तर तो आल्गोतचं नाव घेणार, एवढं गणित तिला क्षणात सुटलं.

"नाही," ती म्हणाली.

इंगेलिसेनं कागद जुळवले आणि आपले प्रश्न संपल्याचं सांगितलं. मंडळानंही काही विचारलं नाही. मग अध्यक्ष उठले. शेवटी सभेला विचारायचं, ही इथली रीत. विषय संपलेला असो, माणूस संपलेला असो, विचारायचं.

"सभागृहातून कुणाला काही विचारायचं आहे? किंवा सांगायचं आहे?"

हेडविगनं ठरवलं होतं, मागे बघायचं नाही. तिनं बघितलं. त्यानं गप्प बसावं म्हणून तर हे सगळं केलं होतं, त्यानं तोंड उघडलं असतं तर सगळं पाण्यात गेलं असतं. आणि तरी त्या घटकेला तिला जन्मात कधी काही हवं झालं नव्हतं इतकं एकच हवं होतं, की आल्गोतनं हात वर करावा. आल्गोत तिच्याकडेच बघत होता. त्याची टोपी दोन्ही हातांत पिळली गेली होती, ओठ किंचित उघडले होते.

"कुणीच नाही?" अध्यक्षांनी परत विचारलं.

आल्गोतनं मान खाली घातली.

तिला त्याचा राग आला. सरळ, साधा, लहान मुलाला येतो तसा राग. मग तिला आठवलं, तीन वर्षांपूर्वी कराराच्या बैठकीआधी ह्याच सभागृहात सगळा विभाग जमला होता, मोजणीत धूळ गेल्याची चर्चा झाली होती, आणि कुणाला काही सांगायचंय का असं विचारलं होतं. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्याजवळ त्याचे न सरकवलेले आकडे होते, तिला ते कधी तपासावेसेही वाटले नव्हते, आणि आपला प्रश्न नाही म्हणून ती कॉफी संपवत राहिली होती.

अध्यक्षांनी सगळ्यांचे आभार मानले, मंडळाला शेजारच्या खोलीत जायला सांगितलं आणि बाकीच्यांसाठी कॉफी तयार असल्याचं जाहीर केलं. लोक उठले. आई मात्र जागची हलली नाही. आल्गोतनं टोपी घातली आणि सगळ्यांच्या आधी मागच्या दारानं बाहेर पडला.